काळी खिडकी आणि बाबांची उधारी

हा लेख एस.ई.च्या त्या मंडळींसाठी आहे, ज्यांना मिनी प्रोजेक्टमध्ये 'वेबसाइट' मिळाली आहे आणि ज्यांनी यूट्यूबवरचा व्हिडिओ मध्येच थांबवून त्यातल्या कमांड बघून बघून टाइप करायला सुरुवात केली आहे. जरा थांबा. अस्मादिकांनीही असंच केलं होतं. एक कमांड मारली आणि बाबांच्या दुकानाची चार महिन्यांची उधारी पुसून टाकली!

आमचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. पत्रे, पाइप, खिळे, सिमेंट असलं सगळं. उधारीचा हिशोब बाबा एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवत आणि ती फाइल घरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर असे. होळीला घरी गेलो होतो, सबमिशन जवळ आलेलं, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट सुरू केला. व्हिडिओतल्या दादाने आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन मग 'गिट इनिट' केलं होतं. 'फोल्डरमध्ये जाऊन' एवढंच मी गाळलं. माझी खिडकी डेस्कटॉपवर उघडी होती, त्यामुळे गिटने अख्खा डेस्कटॉप हाच माझा प्रोजेक्ट समजला. 'गिट स्टेटस' विचारलं तर लाल अक्षरांत नावांची ही लांबलचक यादी. मला वाटलं, काहीतरी कचरा झालाय. शोधल्यावर कुणीतरी दिलेलं उत्तर सापडलं, 'गिट क्लीन हायफन एफडी'. मारलं. अर्ध्या सेकंदात यादी साफ. मी खूश. खिडकी खाली केली तर डेस्कटॉपही साफ. रिसायकल बिन उघडली तर तीही रिकामी, कारण ही कमांड बिनमध्ये काही टाकतच नाही, थेट उडवते.

बाबा ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. दिवाळीला काढलेली एक प्रिंट होती. त्यापुढचं सगळं त्यांनी लांब वहीत पेन्सिलीने आठवून आठवून लिहायला घेतलं. एका गवंड्याने आपणहून येऊन बाकी सांगितली, ती बाबांच्या अंदाजापेक्षा जास्तच निघाली. सगळेच काही तसे निघाले नाहीत.

गिटने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी सांगितलं तेच केलं, फक्त मी काय सांगतोय हे मला माहीत नव्हतं. म्हणून तुमचा पहिला प्रोजेक्ट एकदा तरी हाताने, एकेक कमांड समजून उभा करा. त्यात एक संध्याकाळ जाते, जास्त नाही.

(एक अडचण आधीच सांगतो. मराठी विभागात रोमन अक्षर दिसता कामा नये, असा आमच्या संपादक मंडळाचा दंडक आहे. त्यामुळे कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप तुम्ही इंग्रजीतच करा. घोटाळा होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.)

माउसने काम करताना आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते डोळ्यांना दिसत असतं. काळ्या खिडकीत, म्हणजे विंडोजच्या पॉवरशेलमध्ये किंवा लिनक्स-मॅकच्या टर्मिनलमध्ये, ते तसं ढळढळीत दिसत नाही. पण खिडकी कायम कुठल्या तरी एका फोल्डरमध्ये 'उभी' असते आणि आपल्या बहुतेक कमांड तिथेच चालतात. म्हणून पहिली कमांड पी-डब्ल्यू-डी. सार्वजनिक बांधकाम खातं नव्हे! 'मी आत्ता कुठे उभा आहे?' एवढंच ती सांगते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती चालत नाही, तिथे नुसतं सी-डी टाइप करून एंटर मारा. एल-एस म्हणजे इथे काय काय पडलंय. सी-डी आणि पुढे फोल्डरचं नाव म्हणजे आत जा, सी-डी आणि पुढे दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर या. एम-के-डी-आय-आर म्हणजे नवीन फोल्डर. एवढ्या चार गोष्टींवर पुढचं सगळं उभं आहे.

आता डेस्कटॉप सोडून दुसरीकडे 'प्रोजेक्ट्स' नावाचं एक फोल्डर करा, त्यात 'उधारी' नावाचं, आणि सीडी करून त्याच्या आत जा. पीडब्ल्यूडीने खात्री करा. मगच 'गिट इनिट'. ही कमांड त्या फोल्डरमध्ये 'डॉट गिट' नावाचं एक लपलेलं फोल्डर तयार करते आणि सगळा इतिहास त्यातच राहतो. गंमत अशी, की तुम्ही खोलवरच्या फोल्डरमधून गिटला काही विचारलं तर ते एकेक पायरी वर चढत हे डॉट गिट शोधतं आणि ते सापडेल तिथपर्यंतचा मुलूख आपला मानतं. चुकून वर कुठे इनिट झालं असेल तर खालच्या सगळ्या फोल्डरांवर त्याचं राज्य चालतं. लाल यादीतली नावं म्हणजे गिटने अजून नोंद न घेतलेल्या फाइली. गिट क्लीन नेमक्या त्याच उडवते. आणि ज्याची नोंदच नाही ते गिट परत कुठून आणणार? तीच कमांड 'हायफन एन' लावून चालवली तर काय काय उडवणार याची फक्त यादी देते. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

फोल्डर झालं. त्यात एडिटरने तीन फाइली करा, एक एचटीएमएल, एक सीएसएस आणि एक जावास्क्रिप्ट. एचटीएमएल फाइलीवर डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं. मग सर्व्हर कशाला हवा, हा प्रश्न मला कित्येक दिवस होता. त्याचं उत्तर जावास्क्रिप्ट फाइल 'मॉड्यूल' म्हणून जोडली की मिळतं. पान दिसतं, पण बटण दाबून काही होत नाही आणि कन्सोलमध्ये लाल ओळ येते. डबल क्लिक केल्यावर पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू होतो आणि अशा पानाला शेजारची मॉड्यूल फाइल ओढून आणायला ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतो. तेच पान सर्व्हरने दिलं की परवानगी मिळते.

सर्व्हर म्हटलं की आपल्याला ए.सी. रूममधली कपाटं आठवतात. पण तुमच्याकडे पायथन असेलच (नसेल तर प्रॅक्टिकल्स कशी केलीत?). 'पायथन हायफन एम एचटीटीपी डॉट सर्व्हर' ही एक ओळ टाका की झाला सर्व्हर. तुम्ही उभे आहात ते फोल्डर तो 8000 नंबरच्या पोर्टवर वाटायला लागतो. मॅक-लिनक्सवर बहुधा 'पायथन 3' असं लिहावं लागतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गासारखी दोन टिंबं आणि 8000 लिहा. लोकलहोस्ट म्हणजे आपलंच यंत्र, त्याचा पत्ता 127.0.0.1. पोर्ट म्हणजे त्याच पत्त्यावरच्या इमारतीतला खोली नंबर. एका खोलीत एकच भाडेकरू. 'पोर्ट आधीच वापरात आहे' असं आलं, तर आधीचा सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालू राहिलाय. त्या खिडकीत जाऊन कंट्रोल आणि सी दाबा.

छोट्या मिनी प्रोजेक्टला खरं तर एवढंच पुरतं. पण रिॲक्ट वगैरे हवं असेल तर नोड आणि एनपीएम लागतात. नोड 2009 साली रायन डाल यांनी आणलं, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवायची सोय. एनपीएम 2010 सालचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड आपल्या फोल्डरमध्ये आणून देणारा हमाल. विंडोजवाल्यांना इथे पहिली ठेच लागते. पॉवरशेलमध्ये एनपीएम टाकलं की 'या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे' अशा अर्थाचा लाल मजकूर येतो. नोड पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, मी तीनदा केलं. 'एनपीएम डॉट सीएमडी' असं लिहा किंवा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काम करा.

'एनपीएम इनिट हायफन वाय' म्हटलं की पॅकेज डॉट जेसन नावाची फाइल तयार होते. ही आईने लिहून दिलेली किराणा यादी समजा. पुढे काही इन्स्टॉल केलं की यादीत नाव चढतं, माल नोड मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये येऊन पडतो आणि पॅकेज लॉक नावाची तिसरी गोष्ट तयार होते. ती दुकानदाराची पावती. यादीत नुसतं 'गूळ' असतं, पावतीवर कुठला गूळ, किती, कोणत्या भावाचा हे असतं. यादीत आवृत्तीच्या नंबरामागे एक टोपीसारखी खूण दिसेल. 1.2.3 च्या मागे ती असेल तर अर्थ असा, की 1.2.3 किंवा त्यानंतरची कुठलीही चालेल, पण 2 नंबरची नको. म्हणजे तुम्ही आज आणलेला माल आणि पार्टनरने महिन्याने आणलेला माल एकाच यादीवरून वेगळा निघू शकतो. पावती बरोबर दिली तर निघत नाही. 'माझ्या लॅपटॉपवर चालत होतं हो सर' या ओरलच्या अमर वाक्यामागे बऱ्याचदा ही न दिलेली पावतीच असते. गिटमध्ये यादी आणि पावती दोन्ही टाका, माल टाकू नका. नोड मॉड्यूल्सचं नाव 'डॉट गिटइग्नोअर' फाइलीत लिहिलं की झालं. पेन ड्राइव्हवर ते फोल्डर कॉपी करणारे महाभाग लॅबमध्ये अजून दिसतात. हजारो बारीक फाइली, चहा पिऊन या!

हमाल काय आणतो त्याकडे मात्र लक्ष असू द्या. मार्च 2016 मध्ये अझर कोचुलू या प्रोग्रामरने एका नावावरून झालेल्या वादात आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट पॅड' नावाचं 11 ओळींचं एक होतं. अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर अवलंबून असलेले प्रोजेक्ट जगभर अडकले आणि एनपीएमला ते परत ठेवावं लागलं. 2017 चा किस्सा तर आपल्यासारख्या घाईने टाइप करणाऱ्यांसाठीच आहे. 'क्रॉस एन्व्ह' नावाचं एक चांगलं पॅकेज आहे, नावात मध्ये हायफन. कुणीतरी हायफन नसलेल्या नावाने दुसरं टाकून ठेवलं. ते इन्स्टॉल होताहोताच तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे पासवर्ड वगैरे जिथे ठेवतात ती माहिती, बाहेर पाठवत असे. एका हायफनची किंमत! नाव व्हिडिओतून न उचलता त्या पॅकेजच्या स्वतःच्या माहितीतून घ्या.

आता तयार प्रोजेक्टची कमांड. 'क्रिएट रिॲक्ट ॲप' सांगणारे व्हिडिओ अजून खूप फिरतात. ते साधन 2016 मध्ये आलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रिॲक्टच्याच टीमने ते निवृत्त केलं. नवीन काम त्यात सुरू करू नका. त्याऐवजी वीट घ्या. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'झटपट'. इव्हान यू यांनी 2020 मध्ये ते आणलं. 'एनपीएम क्रिएट वीट ॲट लेटेस्ट' म्हटलं की एनपीएम प्रत्यक्षात 'क्रिएट वीट' नावाचं वेगळं पॅकेज उतरवून चालवतं. ते नाव विचारतं, रिॲक्ट की साधं जावास्क्रिप्ट ते विचारतं आणि फाइली मांडून देतं. हाताने केलेलं असेल तर त्यातली जवळजवळ प्रत्येक फाइल ओळखीची वाटते. गिटइग्नोअर देतं, पण गिट इनिट तुम्हालाच करायचंय (आत जाऊन!). नावाच्या जागी नुसतं टिंब दिलं तर 'इथेच बनव' असा अर्थ होतो, आणि फोल्डर रिकामं नसेल तर ते तीन पर्याय देतं. त्यातला एक 'आहेत त्या फाइली काढून पुढे जा'. तो वाचताना माझ्या पोटात अजून गोळा येतो.

मग एनपीएम इन्स्टॉल, मग 'एनपीएम रन डेव्ह'. नुसतं 'वीट' टाइप केलं तर अशी कमांडच नाही म्हणून उत्तर येतं. कमांड कुठे कुठे शोधायची याची एक यादी कॉम्प्युटरकडे असते, तिला पाथ म्हणतात. वीट आपल्या नोड मॉड्यूल्सच्या आत बसलेलं, ते त्या यादीत नाही. एनपीएम रन तेवढ्यापुरता तो पत्ता यादीत घालतं आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये 'डेव्ह' समोर जे लिहिलंय ते चालवतं. पान 5173 नंबरच्या पोर्टवर उघडतं. हा आकडा का? रोमन पाच म्हणजे व्ही, 1 दिसतो आयसारखा, 7 टीसारखा, 3 उलट्या ईसारखा. वाचा आता.

सबमिशनच्या आधी एक चाचणी करा. पार्टनरच्या लॅपटॉपवर गिट क्लोन, एनपीएम सी-आय आणि एनपीएम रन डेव्ह. ही सीआय कमांड अचूक पावतीप्रमाणे माल आणते. पान उघडलं तर सरांपुढेही उघडेल. आमचं पहिल्यांदा उघडलं नाही, कारण एक फाइल मी गिटमध्ये टाकायलाच विसरलो होतो.

माझा मिनी प्रोजेक्ट शेवटी उधारीचाच झाला. बाबा आता वहीच वापरतात. दर रविवारी फोनवर नावं आणि आकडे वाचून दाखवतात, मी ते प्रोजेक्टमधल्या एका फाइलीत भरतो. गिऱ्हाइकांची नावं चारचौघांत जायला नकोत म्हणून ती फाइल गिटइग्नोअरमध्ये आहे. साधं गिट क्लीन तिला हात लावत नाही, पण त्यात 'एक्स' जोडला की तीही जाते. म्हणून तिची एक कॉपी पेन ड्राइव्हवर असते, आणि तो पेन ड्राइव्ह बाबांच्या गल्ल्यात.