विश्लेषण : धारदार पाते लावूनही फळी वाकडी का निघते? पोर्टेबल सॉ मिलमधील ताणाचे गणित काय?

पाते नवे, दात धारदार, तरीही फळी कुठे जाड, कुठे पातळ निघते. पोर्टेबल बँड सॉ मिल चालवणारे अशा वेळी आधी पाते बदलतात. दोष मात्र अनेकदा ते ताणून धरणाऱ्या यंत्रणेत असतो. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर लाकूड वाया जाते आणि पाते तुटून इजाही होऊ शकते.

पोर्टेबल सॉ मिल म्हणजे काय?

वखारीत ओंडका यंत्राकडे न्यावा लागतो. येथे यंत्रच ओंडक्याकडे जाते. अमेरिकेतील वूड-मायझर कंपनी १९८२ पासून या व्यवसायात आहे. या यंत्रात दोन चाकांवर पोलादी पट्टीचे अखंड पाते फिरते. मध्यम आकाराच्या यंत्रात ते साधारण ४ मीटर लांब, ३२ ते ३८ मिमी रुंद आणि जेमतेम १ मिमी जाड असते. एवढी पातळ पट्टी लाकडात सरळ चालते, ती ताणामुळेच.

चालू कामात ताण का बदलतो?

घर्षणाने पाते तापते आणि लांबते. ४ मीटरचे पाते ३० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे १.४ मिमी वाढते. वाढ किरकोळ वाटते. पण ताण देताना पाते मुळात काही मिलिमीटरच खेचलेले असते. त्यामुळे ताण बराच घटतो आणि लाकडात गाठ आली की पाते भरकटते. ही घट भरून काढण्यासाठी काही यंत्रांत स्क्रूसोबत स्प्रिंग असते, तर काहींत तेलाचा किंवा हवेचा दाब वापरतात.

मग जास्तच ताण द्यावा का?

नाही. सेकंदाला २५ मीटर वेगाने धावणारे पाते दोन्ही चाकांवर मिळून तासाला सुमारे ४५ हजार वेळा वाकते. त्यात जादा ताणाची भर पडली, तर दातांच्या खाचांत बारीक चिरा पडतात. चाकांच्या बेअरिंगवरही भार येतो. पात्याच्या रुंदी-जाडीनुसार योग्य ताण बदलतो. तो त्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

देखभाल कशी करावी?

आधी इंजिन बंद करून किल्ली काढावी. स्क्रूच्या आट्यांत आणि सरकत्या भागांवर भुसा व चीक साचला, तर हँडल जड फिरते. ताण लागल्याचा भास होतो, पण पाते सैलच राहते. म्हणून आटे ब्रशने साफ करून पुस्तिकेत सांगितलेले वंगण लावावे. तेलाच्या यंत्रणेत, यंत्र थंड आणि बंद असतानाही काटा उतरत असेल, तर सील किंवा जोड गळत असल्याची शक्यता असते. चाकांवरचे रबरी पट्टे झिजून पाते धातूला टेकू लागले, तर ते बदलावेत. ताण बदलल्यावर चाक हाताने फिरवून पाते जागेवर धावते का, हे पाहावे. पाते हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

काम संपल्यावर काय?

ताण सोडावा. गरम पाते थंड होताना आकसते आणि ताण आणखी वाढतो. रबरी पट्टेही एकाच जागी दबून चपटे होतात. मात्र ताण सोडल्याची पाटी हँडलला अडकवावी. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच माणसाने सैल पात्यावर इंजिन सुरू केले, तर पाते चाकावरून निसटू शकते.