लडाखमधील लोकजीवन

भारताच्या उत्तर टोकास असलेल्या लडाख या अतिउंच व शुष्क पर्वतीय प्रदेशातील लोकांची शेती, पशुपालन, वसाहती व सामाजिक व्यवस्था. लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ पासून केंद्रशासित प्रदेश असून त्याचे क्षेत्रफळ ५९,१४६ चौ. किमी. व लोकसंख्या २,७४,२८९ (२०११) आहे. दक्षिणेकडील झांस्कर व मध्यवर्ती लडाख या पर्वतश्रेण्यांमधून सिंधू नदी वायव्येकडे वाहते. उत्तरेस काराकोरम पर्वत आहे. श्योक, नुब्रा, झांस्कर, सुरू व द्रास या येथील इतर प्रमुख नद्या होत. लेह भागात बौद्ध व कारगिल भागात शिया मुस्लिम बहुसंख्य आहेत. लडाखी, पुरगी व बाल्टी या येथील प्रमुख बोली तिबेटी भाषासमूहातील आहेत. धर्म व बोली भिन्न असल्या, तरी गावांची शेती व पाण्याची व्यवस्था यांत पुष्कळ साम्य आढळते.

हवामान : मुख्य हिमालयश्रेणीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे लडाखमध्ये मोसमी पाऊस फारच थोडा पोहोचतो. सु. ३,५०० मी. उंचीवरील लेह येथे वर्षभरातील पाऊस व बर्फ मिळून जेमतेम १० सेंमी. पाणी पडते. हिवाळ्यात तेथील तपमान −२०° से. पर्यंत उतरते, द्रास येथील थंडी याहून कडक असते. विरळ हवा व निरभ्र आकाश यांमुळे दिवसा ऊन प्रखर असते, परंतु सूर्य मावळताच जमीन झपाट्याने निवते. एवढ्या अल्प पर्जन्यावर कोणतेही पीक येणे शक्य नाही. म्हणून येथील शेती सर्वस्वी डोंगरमाथ्यावरील बर्फाच्या व हिमनद्यांच्या वितळणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे.

शेती : ज्या नाल्याला हिमनदीचे वा साठलेल्या बर्फाचे पाणी मिळते, त्याच्या मुखाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्यावर बहुधा गाव वसलेले असते. पाट जेथे संपतो तेथे हिरवळही संपते आणि लगेच उघडे वाळवंट सुरू होते. बरीचशी गावे खुद्द सिंधूच्या पाण्यावर अवलंबून नाहीत. नदी खोल दरीतून वाहत असल्याने तिचे पाणी वर शेतात आणणे पूर्वी शक्य नव्हते. सातू हे मुख्य पीक असून त्याखेरीज गहू, वाटाणा, मोहरी व चाऱ्यासाठी लसूणघास ही पिके घेतात. उंच भागात वर्षातून एकच पीक येते. सखल व उबदार खोऱ्यांत जर्दाळू व सफरचंद यांच्या बागा आहेत. जर्दाळू सुकवून ठेवतात व त्याच्या बियांचे तेल काढतात. नांगरणीसाठी याक व गाय यांच्या संकरापासून झालेला ‘झो’ हा बैल वापरतात. वाळुंज व पॉप्लर ही झाडे पाटांच्या कडेने मुद्दाम लावली जातात, कारण घरबांधणीचे लाकूड त्यांपासूनच मिळते.

पाणीवाटप : पेरणीचा काळ ही येथील शेतकऱ्याची खरी अडचण होय. उन्हाळा थोडक्याच महिन्यांचा असल्याने बी एप्रिल-मेमध्ये पेरावे लागते. परंतु ५,००० मी. हून अधिक उंचीवरील हिमनद्या त्या वेळी पुरेशा वितळलेल्या नसतात. त्यामुळे पाणी एकंदरीत किती मिळते, यापेक्षा ते पेरणीच्या वेळी किती मिळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नाल्याचे पाणी ‘युरा’ नावाच्या पाटांनी शेतात आणतात आणि रात्री वाहणारे पाणी ‘झिंग’ या तळ्यात साठवून दिवसा वापरतात. पाणी सोडण्याचे काम ‘चुरपोन’ हा गावाने नेमलेला पाणकरी करतो. कित्येक गावांत हे काम दरवर्षी पाळीपाळीने निरनिराळ्या घरांकडे जाते; म्हणजे आज पाणी देणारा उद्या घेणारा असतो. पाळ्यांचे क्रम आणि वरच्या व खालच्या गावांतील पाण्याचे हक्क रूढीने ठरलेले आहेत. १९०८ च्या जमाबंदीच्या वेळी यांतील अनेक रूढी ‘रिवाज-ए-आबपाशी’ या दप्तरात नोंदल्या गेल्या.

घरे व आहार : पारंपरिक घरे दगड व कच्च्या विटांची असून त्यांची सपाट धाब्याची छपरे पॉप्लरच्या तुळया व वाळुंजाच्या काटक्या यांवर माती पसरून तयार करतात. तळमजल्यावर गुरे व वरच्या मजल्यावर माणसे राहतात. छपरावर हिवाळ्यासाठी चारा रचून ठेवतात. शौचकूप कोरडे असतात. त्यांत माती टाकून तयार झालेले खत शेतात जाते व पाणी मुळीच खर्ची पडत नाही. भाजलेल्या सातूचे पीठ, लोणी व मीठ घातलेला चहा, ताक, वाळवलेले चीज आणि हिवाळ्यात मांस असा आहार असतो. सातूपासून ‘छांग’ हे सौम्य मद्य करतात.

कुटुंब व सहकार : पाण्याने भिजणारी जमीन मर्यादित असल्याने तिचे तुकडे न होऊ देण्याकडे कुटुंबपद्धतीचा कल होता. थोरल्या मुलाचे लग्न झाले की तो मुख्य घराचा कर्ता होई व आईवडील शेजारच्या लहान घरात राहावयास जात. अनेक भावांची मिळून एकच पत्नी असण्याची चाल बौद्धांत होती व धाकटे मुलगे पुष्कळदा मठात जात. ही चाल १९४१ च्या कायद्याने बंद करण्यात आली. त्यानंतर वाटण्या व स्वतंत्र घरे वाढली. एकाच कुलदैवताला मानणाऱ्या घरांचा ‘फसपुन’ हा गट जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी परस्परांची कामे उचलतो. पेरणी-कापणीच्या श्रमांची व गुरे राखण्याच्या पाळीचीही अशीच देवाणघेवाण चालते.

पशुपालन : गावाच्या वरच्या कुरणांत उन्हाळ्यात गुरे नेतात. तेथील वस्तीस ‘डोक्सा’ म्हणतात. लोणी व चीज करण्याचे काम तेथे मुख्यतः स्त्रिया करतात. पूर्वेकडील चांगथांग या सु. ४,००० मी. हून उंच पठारावर शेती जवळजवळ नाही. तेथील चांगपा लोक याकच्या केसांच्या ‘रेबो’ या तंबूंत राहतात आणि शेळ्या, मेंढ्या व याक घेऊन वर्षातून अनेकदा स्थलांतर करतात. कडक थंडीमुळे तेथील शेळ्यांच्या अंगावर जी मऊ आतली लोकर येते, तीच पश्मीना होय. खारनक भागातील अनेक चांगपा कुटुंबे मात्र शाळा, दवाखाना व रोजगार यांसाठी लेहजवळ येऊन स्थायिक झाली आहेत.

बदल : विसाव्या शतकाच्या मध्यास यारकंद व तिबेट यांच्याशी चालणारा तांड्यांचा व्यापार संपला. त्यानंतर मोटाररस्ते, सैन्याची ठाणी व सरकारी नोकऱ्या आल्या. १९७४ मध्ये प्रदेश पर्यटकांना खुला झाला. रोख उत्पन्न, शिक्षण व वैद्यकीय सोयी वाढल्या आणि हिवाळ्यातील एकाकीपणा बराच कमी झाला. त्याचबरोबर स्वस्त दराचा तांदूळ व गहू मिळू लागल्याने सातूचे महत्त्व घटले. तरुण शहरात गेल्याने पाट दुरुस्तीस हात कमी पडू लागले. २०२२ मध्ये आलेल्या पर्यटकांची संख्या स्थानिक लोकसंख्येहून अधिक होती. लेहमधील हॉटेलांत पाण्याची शौचालये आल्यापासून कूपनलिकांचा उपसा व सांडपाण्याने भूजल दूषित होण्याचा धोका वाढला आहे.

तपमानवाढीमुळे हिमनद्या आक्रसत आहेत. झांस्करमधील कुमिक गावचा नाला आटत गेल्याने तेथील लोकांना नदीकाठी नवी वस्ती उभारण्याकडे वळावे लागले. उलटपक्षी ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या दरम्यानच्या रात्री लेह परिसरात ढगफुटी होऊन चिखलाच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. कोरड्या हवेसाठी बांधलेली मातीची घरे त्यापुढे टिकली नाहीत.

पेरणीच्या पाण्यासाठी छेवांग नॉर्फेल या अभियंत्यांनी १९८० नंतरच्या दशकात कृत्रिम हिमनद्यांचा प्रयोग सुरू केला. हिवाळ्यात वाया जाणारे नाल्याचे पाणी सावलीच्या उतारावर नेऊन दगडी बांधांनी संथ करतात व थरांनी गोठवतात. हे बर्फ नैसर्गिक हिमनदीहून खालच्या पातळीवर असल्याने लवकर वितळते. या कार्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. सोनम वांगचुक यांच्या प्रेरणेने २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून ‘हिमस्तूप’ उभारले जाऊ लागले. त्यांत उंचावरून नळाने आणलेले पाणी केवळ उताराच्या दाबाने कारंज्यासारखे उडवून शंकूच्या आकारात गोठवतात. आकारमानाच्या मानाने उन्हात येणारा पृष्ठभाग कमी असल्याने हे बर्फ उशिरापर्यंत टिकते. या पद्धती हिवाळ्यातील पाणी वसंतापर्यंत राखून ठेवतात, नवे पाणी निर्माण करीत नाहीत. वरच्या नाल्यातून पाणी वळविण्यास खालच्या गावाची संमती लागते आणि बांधांची निगा गावालाच राखावी लागते. त्यामुळे चुरपोन व पाळी यांची जुनी व्यवस्था जेथे टिकून आहे, तेथे नव्या साठ्याचा उपयोग अधिक चांगला होण्याचा संभव असतो.