‘हॉटेलचं तू बघ!’

दिवाळीच्या सुट्टीत कुठंतरी जायचं, असं घरात ठरतं. बारकी चुलत भावंडं ‘इमॅजिका, इमॅजिका’ करून डोकं खातात. काका म्हणतात, गाडी मी घेतो. पप्पा म्हणतात, सोयाबीन विकलं की बघू. मग सोयाबीन विकलं जातं, फॅमिली ग्रुपवर तारीख पडते आणि सगळी मंडळी एकदम तुमच्याकडं बघतात.

‘हॉटेलचं तू बघ. तुला मोबाइलमधलं कळतं.’

तुम्ही एसवायला आहात, आयुष्यात एकदाही स्वतःच्या पैशानं लॉजवर राहिलेला नाहीत, पण मोबाइल हातात असतोय ना दिवसभर! झालं, आठ माणसांची दोन दिवसांची सोय तुमच्या अंगठ्यावर आली.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. मी ॲप उघडलं, ‘फॅमिली फ्रेंडली’ला टिक केलं, स्विमिंग पूलचा फोटो बघितला, ४.३ चं रेटिंग बघितलं आणि बुक करून टाकलं. घाटावरचं हॉटेल होतं. फोटो खोटा नव्हता. पूल होता, निळाशार होता. आमची खोली मात्र तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्टला कुलूप होतं. आजी कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर आली. वर आल्यावर पलंगावर बसली आणि म्हणाली, ‘मला बरंय इथं. तुम्ही या फिरून.’ पुढचे दोन दिवस ती खाली उतरली नाही. जेवणसुद्धा वरच. घरी आल्यावर तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं, की पोरीनं लई चांगलं हॉटेल बघितलं होतं.

तिनं तसं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. ॲपमधली ‘फॅमिली’ आणि आपल्या घरातली फॅमिली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपची फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि दोन लेकरं. आपली म्हणजे गुडघे दुखणारी आजी, बीपीची गोळी घेणारे पप्पा, लेकरू कडेवर असलेली काकू, दहावीतला भाऊ आणि गाडी चालवणारे काका. हॉटेलवाल्यानं ‘फॅमिली फ्रेंडली’ लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर लहान मुलांचा पूल होता. आजी नव्हती.

मुळात हॉटेल हवंच कशाला, हाही प्रश्न घरात येतोच. मुंबई-पुण्याच्या पोरांना ते लागत नाही. इमॅजिका रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, एक्स्प्रेसवेपासून थोडं आत खोपोली-पाली रस्त्यावर आहे. २०१३ साली ते सुरू झालं तेच मुळी दोन्ही शहरांच्या मधली जागा बघून. सकाळी निघायचं, रात्री घरी. धाराशिवहून मात्र बार्शी, टेंभुर्णी करत पुण्यापर्यंतच अडीचशे किलोमीटर होतात आणि तिथून पुढं आणखी ऐंशी-नव्वदच्या घरात. चहा-नाष्टा, बारक्याची उलटी, पुण्यातलं ट्रॅफिक धरून आठ तास सहज जातात. म्हणजे आदल्या रात्री पोहोचणं आलं. आणि परतताना? दिवसभर उन्हात रांगेत उभे राहिलेले काका रात्री नऊला स्टिअरिंगवर बसणार आणि पहाटे आपण गावात, असा प्लॅन घरात कुणीतरी मांडतंच. ‘एक रात्र वाचते की!’ या एका बाबतीत तुम्ही अडून बसा. हवं तर दुसऱ्या रात्रीचे पैसे वाचवायला हडपसरच्या आत्याला फोन लावा. आपल्याकडच्या प्रत्येक घरात हडपसर-मांजरीला कुणीतरी असतंच आणि ते सोलापूर रोडवरच येतं. पण झोप न झालेल्या माणसाच्या हातात गाडी नको.

आता हॉटेल कुठं घ्यायचं? पार्कला लागूनच नोव्होटेल इमॅजिका आहे. मोठं, चकाचक, पार्कच्या दारात. पण आठ माणसांच्या खोल्यांचं बिल बघितलं की पप्पा सोयाबीनचा भाव आठवायला लागतात. लोणावळ्यात हॉटेलं ढिगानं आहेत, म्हणून बहुतेक जण तिथंच बुक करतात. पण लोणावळा घाटाच्या वर आणि पार्क घाटाच्या खाली. नकाशावर जवळ दिसतं, शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागली की ते जवळ राहत नाही. लोणावळ्याची हवा, चिक्की, टायगर पॉइंट हेही बघायचं असेल तर तिथं राहण्यात अर्थ आहे. फक्त पार्कसाठी जाणार असाल तर नाही. खोपोलीत साधी लॉज आहेत. फोटोत नटलेली नसतात, पण पार्क जवळ पडतं आणि रात्री आडवं व्हायलाच तर जायचं असतं.

आणखी एक पर्याय ॲप सुचवत नाही, पण आजीला विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितला असता. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे आणि पार्कच्याच रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती! पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे. पूल नाही, बुफे नाही. पण जेवण शाकाहारी, आवारात बसायला जागा आणि सकाळी उठून दर्शन. पोरं पार्कात असताना आजी देवळात दोन तास आनंदानं बसेल. ट्रिप ‘पोरांची’ न राहता तिचीपण होईल. (आणि खरं सांगायचं तर ‘अष्टविनायक’ हा शब्द घातला की पप्पांकडून बजेट लवकर पास होतं.)

गणपतीऐवजी साईबाबा चालणार असतील तर शिर्डीही आहे. तिथं वॉटर पार्क आहे, ‘साई तीर्थ’ नावाचं भक्तीवरचं थीम पार्क आहे आणि संस्थानची मोठी भक्तनिवासं आहेत. गंमत म्हणजे ही दोन्ही पार्कं संगमनेरच्या मालपाणी समूहाची आणि २०२२ पासून इमॅजिकाही त्यांच्याचकडं आहे. पण ‘नायट्रो’सारखा रोलर कोस्टर हवा असेल तर शिर्डीवर दहावीतला भाऊ गप्प बसणार नाही.

हॉटेल कसं निवडायचं हे खरं तर आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना कुणी शिकवायची गरजच नाही. आपण तुळजापूरशेजारी वाढलोय. नवरात्रात, कोजागरीला कर्नाटक, तेलंगणातून, आख्ख्या महाराष्ट्रातून माणसं कुटुंबकबिल्यासह येतात. एकदा देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून ती खोली कशी बघतात ते ऐका. रेटिंग कुणी विचारत नाही. ‘खालची खोली हाय का? म्हातारं माणूस हाय.’ ‘गरम पाणी कितीपर्यंत येतं?’ ‘संडास देशी का कमोड?’ ‘गाडी कुठं लावायची?’ ‘देऊळ चालत किती?’ ‘आम्ही नऊ जण हाव, गाद्या जास्तीच्या द्याल ना?’ आणि सगळ्यात शेवटी, ‘बरं, मिळून किती ते सांगा.’ घरातली कारभारीण आत जाऊन नळ सोडून बघते, गादी दाबून बघते आणि मगच पिशव्या आत येतात.

ही सगळी तपासणी पाच मिनिटांत होते. आपण ॲपवर दोन तास घालवतो आणि यातलं एकही विचारत नाही.

तर ॲपवर चार हॉटेलं निवडा आणि फोन लावा. लाज वाटून घेऊ नका. फोनवर बोलायचं आपल्या पिढीला जिवावर येतं, मेसेजवर भागवायची सवय झालीय. पण ‘लिफ्ट आहे’ आणि ‘लिफ्ट चालू आहे’ यातला फरक फोनवरच कळतो. तळमजल्याची खोली मागा आणि ‘देतो देतो’ म्हटलं की व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सोलरचं गरम पाणी असेल तर ते कितीपर्यंत टिकतं ते विचारा, आठ जणांच्या आंघोळी आहेत. ‘मुलं फ्री’ म्हणजे किती वर्षांपर्यंत, हे हॉटेलागणिक बदलतं. कुठं पाच, कुठं आठ. जास्तीच्या गादीचे पैसे वेगळे असतात आणि तीन गाद्या घेतल्या की कधी कधी आख्खी खोली परवडते.

चेकआउटचं तर आवर्जून विचारा, कारण इथंच बहुतेक जण फसतात. समजा आदल्या रात्रीची एकच रात्र बुक केली. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची. पार्कही साधारण त्याच सुमाराला उघडतं. मग ज्यांना पार्कात यायचं नाही, त्यांनी दिवसभर कुठं बसायचं? गाडीत? ‘आजीला काय, बसेल कुठंतरी सावलीला’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. सगळ्या खोल्या सोडून एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवता येते का, अर्ध्या दिवसाचं भाडं किती, हे आधीच ठरवून घ्या. किंवा आजीचंही तिकीट काढा. राइडवर नाही बसली तरी बसून बघायचे शो आहेत, लोकांची गंमत आहे. पण ते तिला विचारून करा. आमच्या आजीला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं नंतर कधीतरी मलाच विचारलं, ‘ते मोठं चाक असतंय का गं तिथं? यात्रेतल्यासारखं?’

पैशांबद्दलही थोडं. ‘फक्त १ खोली शिल्लक’, ‘आत्ता १४ जण हे हॉटेल बघताहेत’ असं लाल अक्षरांत दिसलं की हात थरथरतो. ते खरं असू शकतं, पण घाई करायला लावण्यासाठी खोटंच लिहिणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ साली अशा तेरा ‘डार्क पॅटर्न’ना मनाई केली. त्यात ही खोटी घाई आहे आणि सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर फी वाढवत नेणंही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, तेव्हा कुणी जुन्या १२ टक्क्यांनी बिल लावत असेल तर विचारा. आणि पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक आणि दिवाळीतला पाऊस, दोन्हींचा भरवसा तुम्हाला माझ्याइतकाच आहे.

रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले सोडून द्या. एक जण मालकाचा मित्र असतो, दुसरा वेटरशी भांडलेला. मधले दोन-तीन स्टारवाले शांतपणे लिहितात. त्यात ‘जिना’, ‘पाणी’, ‘आवाज’ हे शब्द शोधा. फोटोही पाहुण्यांनी टाकलेले बघा. त्यात बाथरूमची खरी फरशी दिसते.

प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. आधारच्या झेरॉक्स वाटत बसण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत यूआयडीएआयच्या साइटवरून काढून ठेवा. चालेल का, ते फोनवरच विचारून घ्या.

दुसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा मी सहा फोन केले. हॉटेल साधंच मिळालं, खोपोलीतलं. पूल नव्हता, बारका दहा मिनिटं रुसला. खोली मात्र तळमजल्यावर होती आणि दारासमोर ओट्यासारखी जागा होती. आजी आल्या आल्या तिथं खुर्ची टाकून बसली. पिशवीतून कुंथलगिरीचे पेढे काढून काउंटरवरच्या पोराला दिले.

तो तिचं आधार बघत होता. ‘उस्मानाबाद? हे कुठं आलं, आजी?’

‘आता धाराशिव म्हणतेत त्याला,’ आजी म्हणाली. ‘तुळजापूर ठाव हाय का? त्याच्या शेजारी.’

‘तुळजापूर? अहो, आमची कुलदेवी! दरवर्षी येतो आम्ही.’ मग आवाज बारीक करून म्हणाला, ‘पण नवरात्रात खोली नाही मिळत हो तिथं. मागच्या वर्षी आईला तिसरा मजला चढायला लागला.’

आजीनं माझ्याकडं बघितलं.

‘हिचा नंबर घेऊन ठेव,’ ती त्याला म्हणाली. ‘ही बघती खोल्यांचं.’