पत्र पोचले का?

रविवारी सकाळी आमच्या घरी पोहे व्हायचे ठरलेले, आणि गेले काही महिने पोह्यांच्या वेळेला दोघेतिघे विद्यार्थी यायचेही ठरलेले. ती मंडळी जी विद्या शिकायला येतात, तिचे नाव ऐकून इंदुरातल्या माझ्या जुन्या स्नेह्यांच्या भुवया वर जातात. आपले टपालघर आपणच चालवावयाचे! म्हणजे ईमेलची ने-आण करणारा सर्व्हर, आणि तोही पोस्टफिक्स नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर. "अहो, मोठ्या कंपन्यांकडे फुकट मिळतं की सगळं!" असे एक स्नेही म्हणाले. मिळते, हे खोटे नाही. पण आमच्या वाचनालयाला आपली पत्रे आपल्याच कपाटात ठेवावयाची होती. शेजारची मुलगी, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, पुढे झाली. "काका, मी करते. तुम्ही फक्त शेजारी बसा."

नुसते शेजारी बसणे हे किती अवघड काम आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते!

मी स्वतः शिकलो तो सेंडमेलवर. एरिक ऑलमनने बर्कलेला तो लिहिला. त्याची मांडणीची फाइल उघडली की होळकरी दप्तरातला मोडी कागद बरा वाटावा. वीत्से व्हेनेमा या डच गृहस्थाने आय.बी.एम.मध्ये असताना १९९८ साली पोस्टफिक्स बाहेर काढला, तेव्हा कुठे माझ्यासारख्यांना माणसात आल्यासारखे झाले. त्याच्या ओळी वाचून समजतात. समजतात म्हणूनच नवशिक्या त्या भराभर बदलतो, ही त्यातली मेख.

पहिल्या दिवशी मी तिला एकही ओळ लिहू दिली नाही. एकाच लॅपटॉपवर दोन आभासी यंत्रे मांडली, कारण घरच्या जोडणीवरून बाहेरच्या २५ क्रमांकाच्या दाराशी बोलायला बहुतेक कंपन्या मज्जाव करतात. मग तिला त्या दाराशी हातानेच बोलावयास लावले. मी अमका, पत्र अमक्याचे, द्यावयाचे तमक्याला. मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटे पूर्णविरामाचे टिंब. प्रत्येक वाक्याला पलीकडून आकडा येतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ही बोली कागदावर मांडली, ती आजही जवळजवळ तशीच चालू आहे. टिंब दिले, २५० आले, आणि पोरगी टाळ्या पिटून हसली.

लगेच म्हणाली, "काका, मी पाठवणारा म्हणून आमच्या प्राचार्यांचं नाव घातलं. तरी गेलं!"

तेच तर! पाकिटावरचे नाव वेगळे, आतल्या कागदावरचे वेगळे, आणि दोन्ही कुणीही काहीही लिहावे. म्हणूनच पुढे तीन पहारेकरी आले. एसपीएफ सांगतो, या डोमेनची पत्रे कोणत्या यंत्राने पाठवावीत. डीकेआयएम पत्रावर मोहोर उठवतो. आणि मोहोर व यंत्र यांपैकी एकही जुळले नाही तर पत्राचे काय करावे, ते डीमार्क कळवतो. मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर गूगल आणि याहू यांनी २०२४च्या फेब्रुवारीपासून हे तिन्ही सक्तीचे केले. वाचनालयाची पत्रे एवढी नसतात. तरी आम्ही तिन्ही बसवले.

इथे माझेही एक पाप सांगितले पाहिजे. नव्वदीच्या दशकात एका कार्यालयाचा सर्व्हर माझ्याकडे होता, आणि त्याचे दार मी सताड उघडे ठेवले होते. कुणीही यावे, कुणालाही पत्र धाडावे! एका रात्रीत परक्यांची हजारो पत्रे आमच्या नावावर गेली. आम्ही काळ्या यादीत पडलो आणि आमची खरी पत्रे परत येऊ लागली. साहेबांनी जे सुनावले ते येथे छापण्याजोगे नाही. एका अनोळखी माणसाने मला फोनवरून वाट दाखवली. त्याचा पहिला प्रश्न होता, "लॉगमध्ये काय लिहिलंय?" तो मला रागावला नाही.

म्हणून वाचनालयाचे टपाल नव्या सर्व्हरवर आणण्याआधी मी तिच्याकडून एक ओळ लिहवून घेतली. सॉफ्ट बाउन्स. ही चालू असली की "असा कोणी इथे राहत नाही" असे कायमचे उत्तर देण्याऐवजी पोस्टफिक्स म्हणतो, "आत्ता नाही, पुन्हा या." आकड्यांत सांगायचे तर ५५० ऐवजी ४५०. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता सगळं नीट चाललंय. काढू का?" मी म्हटले, "अगं, राहू दे आठवडाभर."

गुरुवारी तिने काही दुरुस्ती केली. शनिवारी रात्री वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला, की दोन दिवसांत एकही पत्र नाही. रविवारी ती आली ती रडवेली होऊन. चूक मला चटकन दिसली: वाचनालयाचे डोमेन तिने दोन याद्यांत घातले होते, स्थानिक आणि आभासी. त्यामुळे पोस्टफिक्स वाचनालयाच्या सभासदांना यंत्रावरच्या खातेदारांत शोधत होता, आणि तिथे कोणीच नव्हते. माझी बोटे शिवशिवू लागली. मी हात मांडीखाली धरून बसलो आणि विचारले, "लॉगमध्ये काय लिहिलंय?"

चाळीस मिनिटे लागली. पोहे निवाले. मग तीच म्हणाली, "स्थानिक यादीत सापडत नाही म्हणतोय... पण तिथे शोधतोच कशाला?" आणि ओळ तिला दिसली.

पाठवणाऱ्या सर्व्हरांनी पत्रे अजून टाकून दिली नव्हती. पोस्टफिक्स स्वतः पाच दिवस दम धरतो. इतरही बहुतेक काही दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतात. दुपारपासून एकेक पत्र उतरू लागले. त्यात ग्वाल्हेरच्या एका वृद्ध वाचकांचे होते: घरातली तीनशे मराठी पुस्तके वाचनालयाला द्यावयाची आहेत, नेण्याची सोय होईल का? पत्र परत गेले असते तर त्यांनी दुसऱ्यांदा लिहिले असते असे मला वाटत नाही.

तिने ते चिटणीसांना फोनवर वाचून दाखवले. मग वहीत गुरुवारची चूक तारखेसह लिहून ठेवली आणि गार पोहे तसेच खाल्ले. सॉफ्ट बाउन्स काढण्याचे तिने त्या दिवशी विचारले नाही.