स्वयंसेवकांच्या तोफखान्याची सिद्धता (इ. स. १८६१)

तोफ हाती आली म्हणजे तोफखाना सिद्ध झाला, असा समज युद्धवर्णने वाचून सहज होतो. बखरकार काय किंवा अर्वाचीन ग्रंथकार काय, तोफांची संख्या सांगतात आणि पुढे जातात. ही संख्या किती अपुरी असते, हे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभीच्या एका उदाहरणावरून दाखविण्याचा विचार आहे.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून दुभंगलेल्या त्या देशात एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर पहिला भडिमार झाला. पाच दिवसांनी व्हर्जिनियाच्या परिषदेने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला. लगेच त्या प्रांतातील लेक्सिंग्टन गावी 'रॉकब्रिज आर्टिलरी' नावाचे स्वयंसेवकांचे पथक उभे राहिले. त्याचे नायकत्व विल्यम पेंडल्टन यांजकडे आले. हे गृहस्थ गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. परंतु १८३० साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून उत्तीर्ण झालेले. गावातच व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट होती. तेथे विद्यार्थ्यांच्या कवायतीसाठी मुद्दाम ओतविलेल्या, नेहमीपेक्षा हलक्या, सहा पौंडी पंचरसी तोफा होत्या व त्यांवर टॉमस जॅक्सन हे अध्यापक शिक्षण देत असत. त्याच तोफा या पथकाच्या कामी आल्या. चार तोफांस मॅथ्यू, मार्क, ल्यूक व जॉन या चार शुभवर्तमानकारांची नावे पडली, यात नायकाच्या मूळ व्यवसायाची छाया स्पष्ट आहे.

आता तोफेव्यतिरिक्त काय लागे ते पाहू. तत्कालीन नियमाप्रमाणे प्रत्येक तोफ एका दुचाकी पुढगाडीस, म्हणजे 'लिंबर'ला, जोडीत. मागून 'केसन' ही दारूगोळ्याची गाडी तशाच दुसऱ्या पुढगाडीस जोडून येई. दोहोंस सहा-सहा घोडे. म्हणजे चार तोफांस, राखीव जनावरे व फिरता लोहारभाता सोडून, ४८ घोडे झाले. सहा पौंडी तोफेच्या एका पेटीत ५० बार मावत. पुढगाड्यांवर एकेक व केसनवर दोन, अशा चार पेट्या मिळून दर तोफेस २०० बार होत. केसन नसेल तर तोफेजवळ केवळ ५० बार उरत. दक्षिणेकडील कित्येक पथकांजवळ आरंभी केसन नव्हतेच. शेतकऱ्यांच्या गाड्यांतून दारूगोळा न्यावा लागे.

लहानसहान जिनसांचे महत्त्वही तितकेच. बार उडाल्यावर नळीत निखारा राहिला तर पुढची थैली ठासतानाच पेट घेई व ठासणाऱ्याचे हात जात. म्हणून ओल्या बोळ्याचा दांडा आणि पाण्याची बादली यांवाचून तोफ चालविणे म्हणजे आत्मघात. रंजक व बत्ती यांच्या जागी दोरीच्या हिसक्याने, घर्षणाने पेटणारी तांब्याची नळी आली होती. ती संपली की तोफ मुकी. घोड्यांच्या साजास चामडे हवे. त्याचा तुटवडा पडल्यावर दक्षिणेच्या शस्त्रखात्याचे प्रमुख जोसाया गॉर्गस यांच्या कारकिर्दीत सुती कापडाचे थर शिवून लगाम व पट्टे करावे लागले.

इतक्या अडचणींतूनही २ जुलै १८६१ रोजी फॉलिंग वॉटर्स येथे या पथकाची एक तोफ पेंडल्टन यांनी लढविली, आणि २१ जुलैस मनासासच्या रणांगणावर, त्यांच्या पूर्वीच्या शिक्षकाच्याच हाताखाली, त्या तोफा उभ्या राहिल्या. ज्या लढाईने जॅक्सन यांस 'स्टोनवॉल' हे नाव मिळाले ती हीच. त्या चारही तोफा आज इन्स्टिट्यूटच्या आवारात जतन केलेल्या आहेत.

तोफा धातूच्या, म्हणून टिकल्या. साज, बोळे, दोर, पेट्या नाहीशा झाल्या. त्यांचा पुरावा मागणीपत्रांत व पावत्यांत मात्र राहतो. आपल्याकडील दप्तरांतही दोर, बैल, दारू, नालबंद यांचे हिशेब पुष्कळ आढळतात व 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतात. संग्राहकांनी असा एकही कागद टाकू नये. सेना खरोखर लढण्यास समर्थ होती की नाही, याचे उत्तर प्रतिज्ञापत्रांपेक्षा त्या यादीतच सापडण्याचा संभव अधिक.