एक टनाची डिस्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भलंमोठं कपाट विमानात चढवलं जात असल्याचा एक कृष्णधवल फोटो मोबाइलवर सतत फिरत असतो. खाली ओळ असते, ‘१९५६ मधला ५ एमबीचा कॉम्प्युटर’. यंत्र खरं आहे. त्याच्याविषयीच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : हा त्या काळचा कॉम्प्युटर.

वस्तुस्थिती : ही त्याची फक्त साठवण. आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये ‘रॅमॅक ३०५’ ही यंत्रणा जाहीर केली. तिच्यातला डिस्कचा भाग म्हणजे ‘आयबीएम ३५०’. हिशेब करणारं यंत्र आणि प्रिंटर वेगळे. या एकट्या कपाटाची लांबी पाच फूट, उंची साडेपाच फुटांहून जास्त आणि वजन सुमारे एक टन.

गैरसमज : त्यात ५ एमबी मावायचे.

वस्तुस्थिती : मावायची ती ५० लाख अक्षरं, आणि एका अक्षराला सहा बिट. आजच्या आठ बिटांच्या बाइटने मोजलं तर ३.७५ एमबी.

गैरसमज : रचना ओबडधोबड होती, म्हणून आकार अवाढव्य.

वस्तुस्थिती : रचना अतिशय नाजूक होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर बसवल्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. माहिती लिहिणारं-वाचणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडून ते सुमारे २० मायक्रॉनवर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, तरंगत ठेवलं जाई.

तरीही ते अंतर जास्तच होतं. हेड जितकं दूर, तितकी चुंबकीय खूण मोठी. एका चौरस इंचात जेमतेम २००० बिट बसत, म्हणून तबकड्या एवढ्या मोठ्या आणि एवढ्या संख्येने लागल्या.

गैरसमज : असलं धूड कोण वापरणार?

वस्तुस्थिती : तेव्हाच्या कचेऱ्यांना त्यात जागेची बचत दिसली. एवढ्या मजकुराला ८० रकान्यांची ६२,५०० पंचकार्डं लागली असती. शिवाय कार्डांचा गठ्ठा किंवा टेप पहिल्यापासून चाळावी लागे. इथे हवी ती नोंद सरासरी ०.६ सेकंदात हेडखाली येई. पूर्ण यंत्रणेचं भाडं महिना ३२०० डॉलर असूनही हजारावर यंत्रणा तयार झाल्या. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्येही रॅमॅक कामाला होता.

गैरसमज : नंतर डिस्क एकदम चिमुकली झाली.

वस्तुस्थिती : त्याला दोन तपं लागली. रॅमॅकमध्ये हेडची एकच जोडी सगळ्या तबकड्यांवर वर-खाली फिरे. १९६१ च्या ‘आयबीएम १३०१’ मध्ये प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचं हेड मिळालं आणि ते फिरत्या तबकडीनेच निर्माण केलेल्या हवेच्या थरावर तरंगू लागलं. अंतर घटलं, खुणा दाट झाल्या. १९८० मध्ये सीगेटने ५ एमबीची डिस्क सव्वापाच इंची साच्यात बसवली. त्याच वर्षी आयबीएमने ‘३३८०’ जाहीर केली. तिचं कपाट फ्रिजएवढंच होतं, पण आत २.५२ जीबी मावत होते.