सुटीचा जमाखर्च

परीक्षा आटोपल्या की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: आता हा मुलगा, ही मुलगी दीड-दोन महिने करणार काय? परदेशी शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना वसंत ऋतूत जेमतेम आठवडाभर सुटी मिळते. आपल्याकडची सुटी लांबलचक असते आणि ती नेमकी वैशाखवणव्यात येते. नोकरीच्या निमित्ताने भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांशी माझा दीर्घ संबंध आला. तेथे पाहिलेल्या सुटीच्या काही तऱ्हा वाचकांसमोर ठेवतो.

पहिली तऱ्हा गडांची. पुण्याचे विद्यार्थी गुंजवणे किंवा पाली गावातून पहाटेच राजगड चढू लागतात. धडधाकट असतील ते संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठतात. तोरणा १,४०३ मीटर उंच. राजगड ही सुमारे पंचवीस वर्षे शिवरायांची राजधानी. जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. काही मुले तेथून छायाचित्रे घेऊन परततात. काही मात्र टाक्यांतील गाळ उपसतात आणि इतरांनी टाकलेला प्लास्टिकचा कचरा पोत्यात भरून खाली आणतात.

दुसरी तऱ्हा राष्ट्रीय सेवा योजनेची. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर असते. चर खणणे, झरे साफ करणे ही कामे या भागात निकडीची आहेत. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते, पानशेतचे पुण्याला. डोंगरावरच्या वाड्यांत मात्र उन्हाळ्यात ‘धरण उशाला, कोरड घशाला’ अशी अवस्था असते.

तिसरी तऱ्हा त्या वाड्यांतल्याच विद्यार्थ्यांची. त्यांना सुटी अशी नसतेच. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, करवंदे-जांभळे रस्त्यावर विकायची, नाहीतर पुढच्या वर्षाच्या फीसाठी पुण्याला हॉटेलात राबायचे.

आणि चौथी तऱ्हा आपल्या घरांतली. माझ्या शाखेचे एक खातेदार किराणा-भुसाराचे व्यापारी होते. बी.कॉम. करणारा त्यांचा मुलगा सुटीत पेढीवर बसू लागला. त्याचे मन दुकानात नव्हते. त्याला पुण्यात नोकरी हवी होती. उधारीची वही चाळताना त्याला दिसले, की वेल्ह्याकडील कित्येक नावांपुढे मार्चअखेर एक पैसाही जमा नाही. “या सर्वांना वकिलाची नोटीस धाडू या,” तो म्हणाला. वडील एवढेच म्हणाले, “आधी वही घेऊन प्रत्येकाच्या दारी जाऊन ये. मग कोणाला धाडायची ते तूच ठरव.”

मुलगा आठ दिवस हिंडला. त्या डोंगरात भाताचे एकच पीक. हातात पैसा येतो तो दिवाळीनंतर. उन्हाळ्यात कर्ते पुरुष पुण्या-मुंबईला कामाला गेलेले आणि बायकांचा अर्धा दिवस झऱ्यावर वाटी-वाटीने हंडा भरण्यात जातो. परतल्यावर त्याने बहुतेक नावांपुढे ‘दिवाळीनंतर’ असे लिहिले. ऐपत असूनही न देणारी दोन नावे तेवढी वेगळी काढली.

कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी पितापुत्र आले, तेव्हा ती वही मी स्वतः पाहिली. आमच्या नियमांत नव्वद दिवसांपुढची उधारी हिशेबात धरता येत नव्हती, ती मी धरलीही नाही. परंतु माझ्या तपासणीत जे कधी दिसले नसते, ते त्या मुलाने आठ दिवसांत पाहिले होते. त्या दिवाळीनंतर बहुतेक रकमा जमा झाल्या. पुढे ती पेढी त्यानेच चालवली.

आज अनेक पेढ्यांपुढे ‘यानंतर कोण?’ हा प्रश्न आहे. मुलांना दुकानाचा कंटाळा येतो ही आपली तक्रार. पण सुटीत आपण त्यांना गल्ल्यावर बसवतो किंवा निरोप्याची कामे सांगतो. मग गोडी लागावी कशी? म्हणून एक विनंती: या सुटीत मुलाला अथवा मुलीला एक काम संपूर्ण सोपवा. एका गावाची उधारी असो, एका मालाची खरेदी असो वा गडावरचे एक टाके असो. निर्णय त्यांना घेऊ द्या. चुकले तर थोडी झीज सोसा. ती खर्चाच्या बाजूला मांडू नका, भांडवलात धरा.